चौदा आणे वयातली पहिली नोकरी

मी तालुक्याच्या गावी फॉर्म भरून देण्याचं काम करते. दाखले, शिष्यवृत्त्या, आधारच्या दुरुस्त्या, ज्याला जे लागेल ते. दिवाळीची सुट्टी संपता संपता एक आई मुलाला घेऊन आली. मुलगा अकरावीत, वय सोळा. सुट्टीत त्याने मालवणकडच्या एका होमस्टेमध्ये अठरा दिवस काम केलं होतं. आईने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर कुणीतरी पुढे ढकललेला मेसेज होता : पहिली नोकरी लागली की सरकार १५,००० रुपये देतं.

"ताई, ह्ये पैसे खंय गावतत?"

हा प्रश्न मला त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारला. योजना खरी आहे. पण त्या मुलाला त्यातला एक रुपयाही मिळणार नव्हता, आणि का मिळणार नव्हता हे सांगण्यात अर्धा तास गेला. घरात आपण 'नोकरी' म्हणतो ती वेगळी आणि कायद्यातली नोकरी वेगळी. आपल्या गावांत पोरांना पहिलं काम मिळतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत. ती जागा ओळखता आली नाही तर पोरांचा घाम फुकट जातो. मी तो जाताना पाहिला आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

## पंधरा हजार कुणाला मिळतात

योजनेचं नाव प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात जो आयुष्यात पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, सभासद होतो आणि ज्याचा पगार महिना १ लाखापर्यंत आहे, त्याच्यासाठी ती आहे. रक्कम एका महिन्याच्या पगाराइतकी, पण जास्तीत जास्त १५,००० रुपये. तीही एकदम मिळत नाही. पहिला हप्ता सलग ६ महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा १२ महिन्यांनंतर आणि पैशाच्या व्यवहाराविषयीचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर.

पीएफ हा दोघांनी मिळून भरायचा गल्ला. तुमच्या पगारातले १२ टक्के त्यात जातात आणि मालकही तेवढेच घालतो. हा गल्ला ठेवणं मालकाला बंधनकारक होतं ते कामावर २० किंवा जास्त माणसं असतील तेव्हा. आता तो होमस्टे डोळ्यांसमोर आणा. मालक, मालकीण, स्वयंपाकाला दोन बायका, एक गडी आणि सुट्टीपुरता हा मुलगा. तिथे पीएफ नाही. त्यामुळे अठरा दिवस राबूनही सरकारच्या वहीत हा मुलगा कधी कामाला गेलाच नव्हता.

गावातल्या पहिल्या कामाचं दुखणं हेच आहे. काम खरं असतं, थकवा खरा असतो, पण नोंद कुठेच नसते.

## चौदा आणे म्हणजे काय

बागेत हापूस कधी उतरवतात हे इथे कुणाला सांगायला नको. चौदा आणे तयार झाला की. रुपयाचे सोळा आणे, त्यातले चौदा; आंबा आतून भरलाय, पण अजून खाण्याजोगा झालेला नाही. तो झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट अलगद काढायचा, पेंढ्याच्या अढीत ठेवायचा आणि उरलेले दोन आणे तिथे पुरे होऊ द्यायचे. चौदा आण्यांचा आंबा बोटाने दाबून बघणाऱ्याला बागायतदार ओरडतो.

बालकामगारांविषयीचा कायदा मुलांकडे साधारण याच नजरेने बघतो. हा कायदा १९८६ चा, आणि २०१६ मध्ये त्यात मोठा बदल झाला. १४ वर्षांखालचा तो बालक. १४ पूर्ण झालेला पण १८ न झालेला तो किशोरवयीन. बालकाला दुसऱ्याकडे कामाला ठेवताच येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत त्याने घरच्यांना, घरच्या धंद्यात मदत करायला हरकत नाही, मात्र धोक्याच्या कामात तीही चालत नाही. म्हणजे आजीबरोबर अंगणात आमसुलं वाळत घालणारी बारा वर्षांची नात चालते. तीच नात शेजारच्या कोकम कारखान्यात रोजाने गेलेली चालत नाही.

किशोरवयीनाला मात्र काम देता येतं. हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक पालकांना ठाऊक नसतं, आणि छोट्या मालकांनाही नसतं. त्यांना वाटतं अठराखालचं सगळंच बेकायदा. मग ते पोराला कामावर घेतात, पण लपवून घेतात. हजेरी नाही, कागद नाही, कुणी विचारलं तर 'भाचा आहे, सुट्टीला आलाय'. लपवल्यामुळेच पोराचं नुकसान होतं.

कायद्याच्या अटी समजायला कठीण नाहीत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर निदान एक तास विश्रांती. विश्रांती आणि कामासाठी ताटकळण्याचा वेळ धरून सगळा दिवस सहा तासांत संपायला हवा, म्हणजे प्रत्यक्ष काम पाच तासांचं. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. या अटी दुकान, वर्कशॉप, हॉटेल, खानावळ यांना लागू आहेत आणि शेतीलाही. 'बाग म्हणजे काय कारखाना आहे का?' असं कुणी म्हणालं तर उत्तर हे की कायद्याने शेत वगळलेलं नाही.

हे मी त्या आईला सांगितलं तेव्हा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "पण माझं काम तर रात्रीचंच होतं." पर्यटक किनाऱ्यावरून परततात सातनंतर. मासळीच्या थाळ्या लागतात आठपासून अकरापर्यंत. आपल्या किनाऱ्यावर पोरांची सगळ्यात जास्त गरज लागते ती नेमकी त्याच वेळेला, जेव्हा त्यांना कामाला लावायला मनाई आहे. होमस्टेवाल्यांची अडचण मला कळते, पण रात्री अकराला भांडी आवरून सोळा वर्षांच्या मुलाने कुठे आणि कसं झोपायचं याचा विचारही कुणीतरी करायला हवा. सकाळी नाश्ता देणं, खोल्या झाडणं, चादरी बदलणं, पाहुण्यांना वाट दाखवणं ही कामं दिवसाची आहेत. किशोरवयीनाला ती द्यावीत.

धोक्याच्या कामांना अठरा पूर्ण हवीतच. त्यात खाणी येतात, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ येतात, कारखान्यांतल्या धोकादायक प्रक्रिया येतात. आपल्याकडे यातली सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे चिरेखाण. २०२५ पर्यंत चाललेल्या १९५२ च्या खाण कायद्यात लहान, उथळ जांभा खाणींना बऱ्याच कलमांतून सूट होती, पण १८ वर्षांखालच्याला कामावर न घेण्याच्या कलमातून नव्हती; आणि बालकामगारांच्या कायद्याची मनाई आजही आहेच. खाण गावातल्याच माणसाची असो, पोरगा अंगापिंडाने दांडगा असो, तरी नाही. १४ खालच्या मुलाला कामावर ठेवणाऱ्याला किंवा किशोरवयीनाला धोक्याच्या कामाला लावणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षे कैद, २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काजूबद्दल एक सूचना कायद्यातली नव्हे, माझी. टरफलातल्या तेलाने हात भाजतात आणि कातडी जाते. काजूच्या कामाला जायचंच तर गर निवडायच्या टेबलावर जा, फोडायच्या यंत्रावर नको.

## काम विचारायला कधी जायचं

शहरात नोकरीची जाहिरात येते. आपल्याकडे हंगाम येतो. आणि हंगाम सुरू झाल्यावर विचारायला गेलेल्याला 'आता सगळी माणसं झाली' हेच ऐकायला मिळतं.

आंब्याचं काम मार्च ते मे. झाडावर चढणं आणि झेला चालवणं सरावाच्या माणसांचं; पोरांसाठी असतं ते खाली : वजनाप्रमाणे आंबे वेगळे करणं, खोके जोडणं, भरणं, पट्ट्या मारणं. हे विचारायची वेळ शिमग्याची. त्या दिवसांत बागायतदार घरी सापडतो, पालखी दारात येते तेव्हा सगळं गाव एकमेकांना भेटतं, आणि कुणाला किती माणसं लागणार याचा अंदाज त्याच सुमाराला बांधलेला असतो.

जूनमध्ये चित्र पालटतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी पसरलेली. जाळं विणणं, फाटकं जाळं सांधणं हे बसून करायचं, हाताला कसब देणारं काम आहे आणि ते शिकवायला म्हातारी माणसं उत्सुक असतात. शेतात लावणी असतेच. बंदी उठल्यावर बोटीवर जायचं म्हणाल, तर बोटीचं काम रात्रीचं आणि पाण्यातलं. माझ्या मते अठरापर्यंत ते वर्ज्यच धरावं.

आषाढ लागला की गणपतीच्या शाळा सुरू होतात. बाहेरच्यांना शाळा म्हटलं की फळा-बाक आठवतो. आपल्याला माती, काथ्या आणि रंगाच्या वाट्या आठवतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी याहून चांगलं पहिलं काम मला माहीत नाही. शाळेतून आल्यावर दोन तास बसता येतं, काम गावातच असतं, आणि आधी पाट रंगवायचा, मग पीतांबर, मग दागिने असं करत हात तयार होतो. आखणी, म्हणजे डोळे रेखणं, वर्षानुवर्षं मूर्तिकार स्वतःकडेच ठेवतो. ज्या मुलाच्या हातात तो ब्रश देतो, त्याला वेगळ्या प्रशस्तिपत्रकाची गरज उरत नाही. फक्त चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात रात्रभर जागरणं असतात. तेव्हा सात वाजता पोराने उठायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं.

दिवाळीपासून नाताळपर्यंत पर्यटकांचे दिवस. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि तारकर्ली-देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी खोल्या बांधल्या गेल्या. इथे विचारायचं ते नवरात्राच्या सुमाराला, खोल्यांची रंगरंगोटी चालू असताना. बारमाही कामं थोडीच : किराणा, मेडिकल, झेरॉक्स, गॅरेज, आमच्यासारखी सेवा केंद्रं.

विचारताना 'काही काम आहे का?' असं मोघम विचारू नका. त्याला 'बघू, सांगतो' एवढंच उत्तर मिळतं. 'काका, १५ एप्रिलला माझी परीक्षा संपते. १६ पासून पावसापर्यंत रोज सकाळी ९ ला येऊ शकतो. खोके भरायला घ्याल का?' यात समोरच्याला नाही म्हणायलाही निदान विचार करावा लागतो.

## शेवटची एसटी

गावच्या मुलाला काम मिळालं तरी ते पाच-पंधरा किलोमीटर लांब असतं, आणि या अंतरात कितीतरी पहिल्या नोकऱ्या बुडतात. घरात मोटारसायकल असते, पण परवाना १८ ला मिळतो. १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळतो तो फक्त ५० सीसीच्या आतल्या, गिअर नसलेल्या गाडीचा. तशा गाड्या आता दिसतही नाहीत. 'गावातल्या गावात कोण धरतंय' म्हणून चावी देणाऱ्या बापांनी मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती वाचावी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. पुढे ड्रायव्हर व्हायचं ज्याच्या मनात आहे, त्याचा रस्ता सोळाव्या वर्षीच बंद होतो. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा वेगाने न जाणारी विजेची दुचाकी कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत, तिला परवाना लागत नाही. पण तिचा वेग दुकानदाराकडून वाढवून घेतलात की ही सूट गेली.

म्हणून कामाची वेळ एसटीच्या वेळेला बांधून मागा. परतीची गाडी साडेपाचची असेल तर पाचला सुटका हवी, हे पहिल्याच दिवशी बोला.

## रोज, अंगावर आणि उचल

पैसे मोजायच्या आपल्याकडे तीन रीती. रोज म्हणजे दिवसाचे ठरलेले पैसे. अंगावर म्हणजे जितके खोके भराल तितके पैसे. आणि उचल, म्हणजे आधी घेतलेली रक्कम, जी पुढे कामातून फिटते. रोज सगळ्यात सरळ. अंगावरचं काम हुशार हाताला परवडतं, पण त्यात पोरं विश्रांती घेत नाहीत. उचलीपासून मात्र लांब राहा. बापाने उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पोराने राबायचं, हे १९७६ पासून वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. संहिता म्हणजे वेगवेगळे जुने कायदे एका बांधणीत आणलेले. एकूण २९ कायदे या चारांत गोळा झाले. पहिल्या नोकरीच्या दृष्टीने त्यातली वेतन संहिता सगळ्यात कामाची, कारण ती छोट्या जागांनाही लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आठवड्याचा हिशोब असेल तर आठवड्याच्या सुट्टीच्या आधी. रोजाचे पैसे त्याच दिवशी. आणि काम सोडलं किंवा सोडायला लावलं तर राहिलेले सगळे पैसे दोन कामाच्या दिवसांत.

हे शेवटचं वाक्य मी वाचून दाखवलं आणि ती आई गप्प झाली. मुलाला अठरा दिवसांचा एक पैसाही मिळाला नव्हता. 'नाताळचा हंगाम झाला की देतो' असं सांगितलं होतं. ती माउली सरकारचे पंधरा हजार शोधत माझ्यापर्यंत आली होती, आणि तिच्या मुलाने कमावलेले पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात पडून होते.

आणखी एक. खोके भरायला त्याच टेबलावर मुलगा आणि मुलगी शेजारी बसतात, आणि संध्याकाळी मुलीच्या हातावर कमी पैसे ठेवतात. 'बायकांचा रोज कमी असतो' हे इतक्या सहज बोललं जातं की मुलींनाही ते खरं वाटू लागतं. सारख्या कामाला बाईमाणूस म्हणून कमी पैसे देणं १९७६ पासून बेकायदा आहे, नव्या संहितेतही आहे. मुलींनो, हे पहिल्याच कामावर विचारा. पहिल्या कामावर जो आकडा मान्य केला जातो, तोच पुढच्या हंगामातही पुढे केला जातो.

## "ओळखीचे आहेत, पैशांचं कसं विचारायचं?"

माझ्यासमोर येणारी ही सगळ्यात मोठी अडचण, आणि ती खरी आहे. काम मिळतं ते मामाच्या शब्दावर. मालक बाबांच्या शाळेतला. त्यांच्याकडे लग्नाला जेवून आलेलो. अशा माणसाला 'रोज किती?' विचारणं म्हणजे भीड मोडणं.

पण आपल्याच घरात बघा. काजू बी विकायला नेतो तेव्हा व्यापारी ओळखीचाच असतो, पिढ्यांचा असतो, तरी तागडीवर डोळा ठेवतो आणि चिठ्ठी घेतो. त्याचा कुणाला अपमान वाटत नाही. बी मोजून देतो, तशी पोराची मेहनतही मोजून द्यायची. ओळखीचा उपयोग दारातून आत जायला करावा, हिशोब ओळखीवर सोडू नये. भीड वाटत असेल तर वडीलधाऱ्याने पहिल्या दिवशी सोबत जावं आणि मुलाच्या देखत विचारावं. मुलगा ते बघून शिकतो.

पैसे कुणाच्या हातात द्यायचे हेही तेव्हाच ठरवा. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची बँकांना मोकळीक दिली. तेव्हा खातं मुलाच्या नावावर काढा आणि पैसे त्यात घ्या. रोख मिळाले तर त्याच आठवड्यात भरा. खात्यावरची ती नोंद हाच पुढे पुरावा ठरतो.

खातं काढायला आलेल्यांची माझ्या टेबलावर एकच रड असते : शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. कुठे वेलांटी वेगळी, कुठे आडनावाचं स्पेलिंग, कुठे जन्मतारखेत दहा दिवसांचा फरक. शिवाय पंधराव्या वर्षी आधारमधले बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात; ते कुणी देत नाही आणि मग अठराव्या वर्षी खरी नोकरी दारात असताना ठसे जुळत नाहीत. नववीच्या सुट्टीत हे सगळं एकसारखं करून घ्या.

## "मग शिक्षणाकडे दुर्लक्ष होणार नाही का?"

ही भीती मला पटते. राज्य मंडळाचा कोकण विभाग २०१२ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून निकालात पहिला येत राहिला आहे. २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला. शिक्षणाला किती मान आहे हे त्यातून दिसतं, आणि हातात पैसा आला की पुस्तक मिटतं अशी उदाहरणंही मी पाहिली आहेत.

म्हणून सहा तासांची अट पोराच्या बाजूची समजा. शाळेच्या दिवसांत मी तर दोन तासांपुढे जाऊच नका म्हणेन. सुट्टीत पाच तास. त्यातून घर चालत नसतं आणि चालवायला लावूही नये. ज्यांची शाळा आधीच सुटली आहे, त्यांनी खचून जायचं कारण नाही. खासगीरीत्या दहावी-बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो मी दरवर्षी भरून देते. दुकानात काम करत तो भरलेली मुलं पास होतात.

## "इथे काही नाही, मुंबईच गाठायला हवी"

चाकरमानी हा आपल्याकडे जवळजवळ नातेवाईकच. पण सोळाव्या वर्षी मुंबईला खोलीवर पाठवण्याआधी शिकाऊ उमेदवारी बघा. म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम शिकायचं आणि शिकताना विद्यावेतन घ्यायचं. १९६१ च्या कायद्याने त्यासाठी किमान वय १४ आहे, धोक्याच्या उद्योगांत १८. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन नववीपर्यंत शिकलेल्याला ५,०००, दहावी पासला ६,०००, आयटीआय झालेल्याला ७,००० रुपये महिना असं ठरलं. लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ इथल्या औद्योगिक वसाहती, एसटीच्या कार्यशाळा ही विचारायची ठिकाणं. उमेदवार अठराच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते.

सहीवरून आठवलं. अठराखालच्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही. १९०३ पासून हे पक्कं आहे. तेव्हा 'सहा महिने सोडणार नाही' अशा कागदावर कुणी मुलाची सही घेऊन ठेवली असेल, तर त्या कागदाला घाबरू नका.

आणि जहाजं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरटी एक तरी मुलगा बोटीवर जायचं स्वप्न बघतो. स्वप्न चांगलं आहे. मात्र 'दोन लाख द्या, जहाजावर लावतो' म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. जहाजावर खलाशी भरणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला तिला मनाई आहे. घरबसल्या टायपिंगचं काम देतो म्हणून आधी 'नोंदणी फी' मागणारे त्याच पंक्तीतले. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

## "कागद मागितला तर कामावरच घेणार नाहीत"

नेमणूकपत्र देणं नव्या संहितेने साधारण दहा किंवा जास्त कामगारांच्या जागी बंधनकारक केलं आहे. होमस्टेवाल्याकडून किंवा गणपतीच्या शाळेकडून ते येणार नाही, हे मलाही माहीत आहे. त्याची तितकी गरजही नाही. एक वही पुरते. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे. रोज संध्याकाळी दोन ओळी.

त्या मुलाकडे वही नव्हती. आम्ही तिघांनी बसून अठरा दिवस आठवले. कुठले पाहुणे कधी आले, कुठल्या दिवशी लाइट गेली होती, कधी त्याने मित्राला फोटो पाठवला होता. कागदावर तारखा मांडल्या आणि तो कागद घेऊन मुलगा मामाबरोबर गेला. सोळा दिवसांचे पैसे मिळाले. दोन दिवसांवर एकमत झालं नाही. त्याने ते सोडून दिले, मी असते तर सोडले नसते. पैशांचा दावा करायला ३ वर्षांची मुदत असते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय असतं. मारहाण, अंगचटीला येणं, डांबून ठेवणं असं काही असेल तर वाट बघू नका. १०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्रीही उचलला जातो.

वहीच्या जोडीला पहिल्या दिवशी एक मेसेज पाठवायचा. तो मी त्याला लिहून दिला, तुम्हीही घ्या, आकडे तुमचे घाला :

'काका, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून येतो. सकाळी ९ ते १२ आणि १ ते ३. रोज … रुपये, हिशोब दर शनिवारी. रविवारी सुट्टी.'

काकांनी उत्तरात नुसता अंगठा पाठवला तरी चालतं. मेसेज पुसू नका.